‘प्रवर्धित’ला अडखळले

ठाणेकरीण | १५ ऑगस्ट, दुपारी १:१०

आमची सोसायटी घोडबंदर रोडला. तीन विंग, प्रत्येकी २२ मजले. झेंडावंदनाला दरवर्षी चेअरमन ‘दोन शब्द’ बोलतात आणि ते दोन शब्द पाऊस सुरू होईपर्यंत चालतात. यंदा सेक्रेटरी म्हणाले, ताई, तुम्ही संविधानाची प्रास्ताविका वाचा, दीड मिनिटात होते. माझा आवाज चांगला आहे म्हणून सांगितलं असं वाटून मी खूश. नंतर कळलं की शुक्रवार, शनिवार, रविवार जोडून आल्यामुळे अर्धी सोसायटी अलिबागला गेलीय, वाचायला दुसरं कोणी नव्हतं.

आदल्या रात्री चार वेळा वाचून सराव केला. सकाळी न्याय झाला, स्वातंत्र्य झालं, समानता झाली. ‘एकात्मता यांचे आश्वासन देणारी बंधुता’ इथपर्यंत गाडी नीट चालली आणि पुढच्या शब्दाला जीभ अडकली. प्रवर्तित? प्रवर्धीत? दोनदा चुकले. तेवढ्यात मागून एक पोरगा मोठ्यानं म्हणाला, “प्रवर्धित करण्याचा संकल्पपूर्वक निर्धार करून!” सगळे हसले, मीही हसले आणि त्याच्यामागून म्हणत पुढे गेले.

हा पोरगा आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचा. मनपाच्या शाळेत सहावीत आहे, रोज परिपाठात प्रास्ताविका म्हणतो. शाळेतलं झेंडावंदन उरकून गणवेशातच आईकडे आला होता. मावशींना १५ ऑगस्टची सुट्टी नसते. उलट सगळे घरी, म्हणजे भांडी जास्त.

पुढे जिलबी. फ्लॅटमागे एक पुडा, टेबलावर यादी, नेला की टिक. पोरगा रांगेत उभा राहिला. “फ्लॅट नंबर?” तो म्हणाला, “सी १४०३.” त्याची आई जिथे धुणंभांडी करते तो नंबर. टेबलावरच्या काकूंनी यादी बघितली आणि म्हणाल्या, “१४०३चा नेलाय.” काकू वाईट नाहीत हो, त्या खरंच यादी बघत होत्या. मी माझा पुडा त्याला दिला. त्यात मोठेपणा काही नाही, मला डायबेटीस आहे.

वर जाताना बघते तर मायलेकरं लिफ्टपाशी उभी. एका लिफ्टवर पाटी: ‘घरकामगार, डिलिव्हरी बॉय व पाळीव प्राणी यांनी सर्व्हिस लिफ्टचाच वापर करावा.’ सर्व्हिस लिफ्टवर दुसरी पाटी: ‘दुरुस्तीसाठी बंद.’ मंगळवारपासून बंद आहे. म्हणजे मंगळवारपासून मावशी चौदा मजले जिन्यानं चढत होत्या आणि मला शुक्रवारी कळलं. पोरगा दोन्ही पाट्या वाचत होता. वाचन चांगलं आहे त्याचं, ते सगळ्यांनी ऐकलंच होतं.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. न्याय, स्वातंत्र्य, समानता यांसाठी कोर्टाची पायरी तरी चढता येते. चौथ्या शब्दासाठी कुठे जायचं?

जिलबीप्रेमी | १:२२

प्रश्न गंभीर आहे, कबूल. पण २२ मजल्यांच्या सोसायटीत पुड्यांची यादी? आमच्या कोपरीत फुटपाथवर मंडप टाकून कढईतून थेट कागदावर देतात. फ्लॅट नंबर कोणी विचारत नाही, फक्त सुट्टे मागतात.

वरचा_मजला | १:५०

ताई, लिहिलंय छान, पण जरा अतीच होतंय. मीही अशाच एका टॉवरच्या कमिटीत होतो. सकाळी आठ ते दहा शाळेची मुलं, ऑफिसची माणसं, दूधवाला, पेपरवाला, कचऱ्याचे डबे, सगळं एकदम. त्याला काहीतरी व्यवस्था लागतेच. पहिल्या लिफ्टमध्ये कचऱ्याच्या पिशवीतून पाणी गळलं की हेच लोक ग्रुपवर फोटो टाकतात. सर्व्हिस लिफ्ट बंद असताना दुसरी वापरू दिली नाही, ही चूक, आणि ती वॉचमनच्या डोक्याची. त्यासाठी आंबेडकर आणि नेहरूंना लिफ्टमध्ये बोलवायची गरज नाही.

आणि प्रास्ताविका २६ जानेवारीला वाचतात. १५ ऑगस्टशी तिचा काय संबंध?

जुनाबाजार | २:३५

संबंध आहे. स्वातंत्र्य मिळालं आणि मग निवांत बसून संविधान लिहायला घेतलं, असा आपला समज असतो. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६लाच भरली होती. १३ डिसेंबरला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, २२ जानेवारी १९४७ला तो मंजूर झाला. देश कशासाठी स्वतंत्र व्हायचा हे कागदावर आलं तेव्हा इंग्रज इथेच होते आणि जायची तारीखही ठरायची होती. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री जी सभा बसली तीही हीच. त्या रात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीनं हंसा मेहतांनी सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला.

आता ताईंच्या शब्दाकडे येतो. नेहरूंच्या त्या ठरावात न्याय होता, समानता होती, स्वातंत्र्यही होतं. बंधुता नव्हती. ती घातली मसुदा समितीनं, म्हणजे आंबेडकर अध्यक्ष असलेल्या समितीनं. मसुदा सादर झाला २१ फेब्रुवारी १९४८ला. सोबतच्या टिपणात समितीनं कारणही दिलं आहे: बंधुभावाची आणि सलोख्याची गरज आज आहे तेवढी पूर्वी कधीच नव्हती. तारीख पुन्हा बघा. गांधीजींच्या खुनाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. फाळणीतली माणसं छावण्यांत होती. हा शब्द शोभेसाठी आलेला नाही.

वरचा_मजला | २:४८

माहिती नवीन आहे, आभार. लिफ्टबद्दलचं मत तेच.

निरांजन | ३:०५

एक बाळबोध शंका. एवढा भाविक देश, मग प्रास्ताविकेत देवाचं नाव का नाही? आमच्याकडे झेंडावंदनाआधी गणपतीचा श्लोक म्हणायचा की नाही यावर परवा मतदान झालं.

जुनाबाजार | ३:३०

मतदान तिथेही झालं होतं! १७ ऑक्टोबर १९४९. ह. वि. कामतांनी सुरुवातीला ‘ईश्वराच्या नावाने’ घालावं अशी दुरुस्ती आणली. आणली ती आणली, वर मतविभागणीही मागितली. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं की देवाला मतांवर टाकू नका. विरोध करणारे नास्तिक होते असंही नाही. पट्टम थाणू पिल्लई यांचा मुद्दा असा, की एकीकडे श्रद्धेचं स्वातंत्र्य द्यायचं आणि दुसरीकडे सगळ्यांच्या तोंडी देवाचं नाव घालायचं, ही सक्ती झाली. दुरुस्तीच्या बाजूनं ४१, विरोधात ६८. सुरुवात ‘आम्ही, भारताचे लोक’ अशीच राहिली.

तुमच्याकडे निकाल काय लागला?

निरांजन | ३:३४

श्लोक जिंकला. पण माइक बंद पडला.

अर्धा_वकील | ४:१५

‘चौथ्या शब्दासाठी कुठे जायचं’ याचं उत्तर कायद्याच्या बाजूनं देतो. गोड वाटणार नाही.

प्रास्ताविकेवर थेट दावा लावता येत नाही. मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध असतात आणि गृहनिर्माण सहकारी संस्था म्हणजे शासन नव्हे. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. सभासद फक्त पारशीच असेल असा उपविधी. एका सभासदाला बाहेरच्याला जागा विकायची होती. न्यायालयानं उपविधी उचलून धरला. थोडक्यात, संविधान बऱ्याचदा सोसायटीच्या गेटवर वहीत नाव लिहून बाहेरच थांबतं.

पण लिहिणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं समजू नका. काही कलमं त्यांनी मुद्दाम अशी लिहिली की ती माणसांनाही बांधतात. १५(२): दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट, रस्ते इथे धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणी कोणाला अडवायचं नाही. १७: अस्पृश्यता नष्ट. हे कलम २९ नोव्हेंबर १९४८ला मंजूर झालं तेव्हा सभागृहात महात्मा गांधींचा जयजयकार झाला होता. २३: वेठबिगारीला बंदी. विहिरी आणि तलाव यादीत का आले हे महाराष्ट्रात तरी कोणी विचारू नये. महाडचं चवदार तळं, २० मार्च १९२७. लिफ्ट १९४९ साली कोणाच्या डोक्यात नव्हती, एवढंच.

भाडेकरू_क्रमांक_तीन | ५:०२

गेटवर थांबतं यावरून आठवलं. वाशीत भाड्यानं घर शोधत होतो, गेल्या वर्षी. एजंटचा पहिला प्रश्न आडनाव. मी आडनाव सांगितलं की पलीकडे दोन सेकंद शांतता. मग “मूळ गाव कुठलं?” मग “खाण्यापिण्याचं कसं?” शेवटी “मालक विचारून सांगतो.” मालकांना विचारायला सगळ्यांनाच वेळ लागतो, कोणाचाच फोन परत येत नाही. सात घरं झाली. शेवटी मिळालं ते एका मित्राच्या मामांचं, त्यांनी आडनाव न विचारता डिपॉझिट विचारलं. बरं वाटलं.

आता राहतो तिथे झेंडावंदनाला मी खुर्च्या लावतो. सभेत मत नाही, भाडेकरू आहे ना. माझ्यापायी मालकाकडून सोसायटी ना-वापर शुल्क घेते. ‘ना-वापर’! मी सहकुटुंब राहतो, पाणी वापरतो, लिफ्ट वापरतो, आणि कागदोपत्री त्या घराचा वापर होत नाही.

वरचा_मजला | ५:२०

ना-वापर शुल्क कायदेशीर आहे, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतं. पण आडनावाचं वाचून वाईट वाटलं. आमच्या मजल्यावर असं झालेलं मला माहीत आहे. मी तेव्हा काही बोललो नव्हतो.

गावठाणातला | ६:४०

टॉवरवाल्यांची चर्चा वाचतोय. आमचं गाव नेरूळजवळ, आता चहूबाजूंनी सेक्टर. १९७०ला नवी मुंबई वसवायला सिडको झाली आणि तेव्हाच्या ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायला सुरुवात झाली. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, खाडीतली मासळी हळूहळू गेली. आमचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे माणसं उभी राहिली, जानेवारी १९८४मध्ये गोळीबार झाला, दोन दिवसांत पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचं ठरलं. हे सगळं स्वतंत्र भारतात झालं. म्हणून १५ ऑगस्टला मी झेंड्याला सलाम करतो, पण भाषणाला थांबत नाही.

मला सांगायचं होतं ते वेगळं. तुम्ही सगळे दिल्लीत काय लिहिलं ते सांगताय. दिल्लीत लिहिण्याच्या आधी इथे काय झालं? उरण तालुक्यात चिरनेर आहे, आमच्याकडून तासाभराच्या आत. २५ सप्टेंबर १९३०, जंगल सत्याग्रह. लाकूडफाटा आणि चराई यांवर सरकारची बंदी, म्हणून आजूबाजूच्या गावांतली माणसं कोयते घेऊन अक्कादेवीच्या माळावर गेली. गोळीबारात जे हुतात्मे झाले ते आठ. माझे आजोबा ही नावं पाठ म्हणायचे, आरतीसारखी. आलू बेमट्या म्हात्रे. नवश्या महादेव कातकरी. रामा बामा कोळी. रघुनाथ मोरेश्वर न्हावी. धाकू गवत्या फोफेरकर. आनंदा माया पाटील. परशुराम रामा पाटील. हसुराम बुधाजी पाटील.

क्रमांक तीनभाऊ, एजंट आडनाव विचारतो म्हणालात. ह्या यादीतली आडनावं एकदा सावकाश वाचा.

भाडेकरू_क्रमांक_तीन | ६:५५

वाचली. दोनदा.

ठाणेकरीण | रात्री ९:१०

स्वयंपाक, पाहुणे, मग दिवे गेले, आत्ता आले. एवढं होईल असं वाटलं नव्हतं.

गावठाणातलाभाऊ, तुमच्यामुळे मला आमचा जुना जिल्हा आठवला. अर्धा_वकील यांनी कलम २३ एका ओळीत उरकलं, पण ते तर जवळजवळ आपल्या घरचं कलम आहे. तलासरी-डहाणू २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. माझे वडील त्या बाजूला तलाठी होते. जुनी माणसं त्यांना सांगायची, की सावकाराच्या, जमीनदाराच्या शेतावर वारली आदिवासींनी फुकट राबायचं, आणि लग्नासाठी कर्ज काढलं तर नवराबायको दोघंही त्याच्याकडे गहाण. ‘लग्नगडी’ म्हणत त्यांना. १९४५ला गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे गेले, किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड गेला. चार वर्षांनी संविधानात वेठबिगारीवर बंदी आली. मी असं म्हणत नाही की तलवाड्यामुळेच आली. पण वाचताना मला दरवेळी ती माणसं दिसतात.

वरचा_मजला, तुम्ही म्हणता व्यवस्था लागते. लागते ना. पण त्या जमीनदाराकडेही व्यवस्थाच होती.

वरचा_मजला | ९:२५

ही तुलना अन्यायाची आहे. मी मावशींना पगार देतो, दिवाळीला बोनस देतो, महिन्याला चार सुट्ट्या देतो. मला जमीनदाराच्या रांगेत बसवू नका.

ठाणेकरीण | ९:३१

बरोबर आहे. ती ओळ मागे घेते.

जुनाबाजार | १०:०५

अन्यायाची तुलना नको, पण एक वाक्य आठवतं. २५ नोव्हेंबर १९४९च्या शेवटच्या मोठ्या भाषणात आंबेडकर म्हणाले होते की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य ही रंगाच्या थरांपेक्षा खोल जाणार नाहीत. घोडबंदरच्या पावसात बिल्डिंगचा रंग किती टिकतो हे कमिटीत राहिलेल्या माणसाला मी काय सांगणार! त्याच भाषणात ते असंही म्हणाले की २६ जानेवारी १९५०ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय. राजकारणात एक माणूस एक मत, आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता. क्रमांक तीन यांना तर सोसायटीत ते एक मतही नाही.

अजून एक. हे शब्द फ्रेंच राज्यक्रांतीतून उचलले असं सगळे धरून चालतात. १९५४ला आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितलं, ते मी बुद्धाकडून घेतले. मैत्री हा तिथला शब्द. मला तो बंधुतेपेक्षा आवडतो. भाऊ असायला आई एक लागते, मैत्रीला काही लागत नाही.

जिलबीप्रेमी | १०:२०

आणि बंधुतेत बहिणी कुठे आहेत, हा प्रश्न कोणी विचारायच्या आत मी झोपायला जातो. उद्या दहीहंडी, नौपाड्यात सकाळपासून स्पीकर.

सरळ_रेषा | १६ ऑगस्ट, सकाळी ७:४५

पूर्ण धागा वाचला. मी कारखान्यात सेफ्टीचं काम करते, पाट्या लिहिणं हे माझं रोजचं काम. एक व्यवहाराची गोष्ट सांगते.

तुमच्या पाटीत घोळ असा आहे की ती *माणसांची* यादी आहे. घरकामगार, डिलिव्हरी बॉय, प्राणी. वरचा_मजला यांची अडचण मात्र *वस्तूंची* आहे. कचरा, गळणाऱ्या पिशव्या, गॅस सिलिंडर, फर्निचर. मग पाटी वस्तूंवर लिहा ना. ‘कचरा, सिलिंडर, बांधकामाचं सामान, मोठं ओझं सर्व्हिस लिफ्टनं न्यावं.’ ओझं कोणाच्याही हातात असो. रिकाम्या हातानं चाललेली मावशी कुठल्याही लिफ्टनं जाईल आणि सोफा घेऊन चाललेला मालक सर्व्हिस लिफ्टनं. खर्च एक लॅमिनेशन.

अर्धा_वकील | ८:१०

वा! याला म्हणतात मसुदा.

वरचा_मजला | ८:३२

याला माझी हरकत नाही. आमच्या पाटीचा मजकूर मीच लिहिला होता, २०१६ साली. तेव्हा हे सुचलं नाही. कोणी सुचवलंही नाही.

ठाणेकरीण | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

अपडेट देते, बरेच जण विचारत होते.

आज कमिटीची मीटिंग झाली. सरळ_रेषा यांची पाटी मांडली. पाऊण तास चर्चा, त्यातली अर्धा तास ‘मोठं ओझं म्हणजे किती किलो’ यावर. एकांनी कुत्र्यांचं काय विचारलं. कुत्र्यांचा निर्णय पुढच्या मीटिंगवर ढकलला. दोघांचा विरोध राहिला, तो मिनिट्समध्ये नोंदवायला त्यांनी सांगितलं आणि तो नोंदवला. ‘आपली शिस्त जाईल’ असं त्यातल्या एकांचं म्हणणं. बाकी सात जण हो म्हणाले, दोन-तीन तर केवळ चहा गार होतोय म्हणून. जिलबीच्या यादीबद्दल बोलायला मला धीर झाला नाही, ते २६ जानेवारीच्या आधी बोलेन.

मीटिंगनंतर खाली आले तर नवी पाटी लागलीसुद्धा, सेक्रेटरींनी प्रिंट आधीच काढून ठेवली होती. जुनी काढली त्या जागी टेपचे चार डाग राहिलेत.

बुधवारी गणपती. चेअरमनसाहेब मखराचं सामान घेऊन आले, दोन मोठे खोके आणि एक पाट. पहिल्या लिफ्टचं बटण दाबलं. वॉचमन उठला, पाटीकडे हात केला आणि म्हणाला, “साहेब, सर्व्हिस.”

जिलबीप्रेमी | ७:०२

गेले का?

ठाणेकरीण | ७:०४

गेले. मावशी दुसऱ्या लिफ्टनं त्यांच्या आधी पोचल्या.